मानेचं दुखणं आणि शोभाताईंची फुगडी

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, तुमच्या व्यवसायातले हृदयस्पर्शी अनुभव लिहा." मी म्हटलं, हृदयाचे डॉक्टर वेगळे, माझा हात बहुतेक मानेपर्यंतच पोचतो. ते हसले नाहीत. दिवाळी अंकाच्या संपादकांना जाहिराती मिळेपर्यंत हसू येत नाही असं माझं निरीक्षण आहे. तेव्हा मानेपुरतंच लिहिते. त्यात कोणाच्या हृदयाला धक्का लागला तर त्याची जबाबदारी माझी नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. हा शब्द आमच्याकडे अजून नीट रुजलेला नाही. त्यामुळे बोरिवली पूर्वेला माझं जे क्लिनिक होतं, त्याचा पत्ता लोक "किराणावाल्याच्या बाजूला, ती मालिशवाली बाई" असा सांगायचे. दारावर मी मोठ्या अक्षरांत पाटी लावली, तर पाटीखाली उभं राहून एक गृहस्थ मला विचारत होते, "मालिशवाली बाई इथेच बसते ना?" आमच्या ह्यांनी तर एका लग्नात माझी ओळख "हिचं हाडांचं असतं काहीतरी" अशी करून दिली. आता क्लिनिक मी एका हुशार मुलीकडे सोपवलंय. अधूनमधून जाऊन बसते. जुने पेशंट मला भेटायला येतात, माझी तब्येत विचारतात आणि दुखणं मात्र तिला दाखवतात. बरोबरच आहे.

मुंबईच्या उपनगरांत मान न दुखणारा माणूस सापडणं कठीण, आणि सापडलाच तर तो काम करत नसणार. गंमत म्हणजे मान दुखते याचं लोकांना दुःख कमी आणि कौतुक जास्त. "मला स्पाँडिलायटिस आहे" हे वाक्य माणसं ज्या सुरात म्हणतात, त्या सुरात पूर्वी "गावाला आमची कलमं आहेत" म्हणायचे. एक्स-रेमध्ये कोणाच्या मणक्यांत गॅप निघाली की त्याचा घरात भाव वाढतो. गॅस सिलिंडर उचलायला त्याला कोणी सांगत नाही. ही गॅप वयाप्रमाणे बहुतेकांना असते, तिला इतकं डोक्यावर घेऊ नका, असं मी समजावायला गेले की पेशंटचं तोंड उतरायचं. मी त्याची कमाई काढून घेतेय असं त्याला वाटायचं.

त्यात मानेचा पट्टा लावला की विचारायलाच नको. अंधेरीचे एक निवृत्त साहेब होते, त्यांना आपण सामंत म्हणू. त्यांना कोणी तरी थोडे दिवस पट्टा लावा म्हणून सांगितलं होतं. ते थोडे दिवस कधी संपलेच नाहीत. पट्ट्यामुळे हनुवटी वर राहते आणि नजर समोरच्याच्या डोक्यावरून जाते, त्यामुळे निवृत्तीनंतर गेलेला रुबाब त्यांना परत मिळाला होता. भाचीच्या लग्नात ते रेशमी कुडत्यावर पट्टा लावून गेले. स्टेजवर आशीर्वाद दिले, फोटो काढला आणि उतरताना खालची पायरी दिसलीच नाही. कशी दिसणार? पायरी बघायला मान वाकवावी लागते. साहेब थेट फोटोग्राफरच्या पांढऱ्या छत्रीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणतात, "मॅडम, हा पट्टा सैल झालाय, जरा जास्त घट्ट द्या."

दुसरा एक तरुण मुलगा, ऑफिस अंधेरीलाच, दिवसभर लॅपटॉप आणि उरलेला वेळ मोबाइल. हा दर रविवारी सलूनमध्ये दाढीसोबत मान मोडून घ्यायचा. मी ओरडले तर म्हणाला, "अहो मॅडम, कटकन आवाज आला ना की कसलं झकास वाटतं!" मानेतून आवाज येणं आणि मान बरी होणं यांचा काही संबंध नाही, आणि नको त्या हातांनी मान पिळली की वाट लागायला वेळ लागत नाही, हे मी त्याला हात जोडून सांगितलं. त्याची खरी तक्रार वेगळीच होती. मीटिंगमध्ये लॅपटॉपवरून नजर उचलून समोरच्या पडद्याकडे बघितलं की अक्षरं क्षणभर धूसर व्हायची आणि खुर्ची हलल्यासारखी वाटायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून नंबर नाही म्हणून सांगितलं होतं. तेव्हा घरच्यांनी नजर लागली असं ठरवून लिंबू-मिरची बांधली होती.

इथे थोडं शास्त्र सांगते. लवकर संपेल.

माणूस सरळ उभा राहतो त्यासाठी मेंदूला सतत खबर लागते. ती डोळे देतात, कानाच्या आतला तोलाचा भाग देतो, पायाचे तळवे देतात, आणि जिचं नाव कोणी घेत नाही ती मानही देते. कवटीच्या खाली, मानेच्या अगदी वरच्या टोकाला लहान लहान स्नायू आहेत. डोकं किती वळलंय, किती झुकलंय हे ते मेंदूला कळवत असतात. मान दुखून आखडली की हे खबरी चुकीचं सांगायला लागतात. डोळे म्हणतात डोकं सरळ आहे, मान म्हणते वाकडं आहे. मग मेंदूत आमच्या सोसायटीची मीटिंग भरते. सेक्रेटरी एक बोलतो, खजिनदार दुसरंच, आणि निर्णय होत नाही. अशा माणसाला खोली गरगर फिरताना दिसत नाही, पण आपण होडीत उभे आहोत असं वाटत राहतं.

डोळ्यांचं आणि मानेचं साटंलोटं तर फार जुनं. जवळचं बारीक काही बघायचं असेल तर डोळ्यातलं भिंग फुगवावं लागतं, दोन्ही बुबुळं नाकाकडे आणावी लागतात. या कामाला जास्त जोर लागला की मान आणि खांदे न सांगता सोबत आवळतात. आणि उलटंही होतं. मान दुखत असली की नजर जवळून लांब नेताना अडखळते, आणि नजर अडखळली की तोलही अडखळतो. म्हणून मानेच्या पेशंटला मी आधी डोळे कसे फिरतात ते बघायची, आणि पेशंट आपसात म्हणायचे, बाई मान सोडून डोळ्यात काय बघते?

चक्कर म्हटलं की सगळ्यात आधी मी ब्लडप्रेशर, कान आणि डोळे डॉक्टरांकडून तपासून आणायला लावायची. सगळीच चक्कर मानेची नसते. ते सगळं ठीक निघालं की माझी पाळी. माझ्याकडे कपाळाला बांधायची एक पट्टी होती, तिच्यावर लेझरचा छोटा दिवा. पेशंटला भिंतीसमोर बसवायचं, लाल ठिपका भिंतीवरच्या गोलात आणायचा, मग डोळे मिटून मान वळवायची आणि अंदाजाने परत सरळ करायची. मान चांगली असेल तर ठिपका जवळपास गोलातच परत येतो. बिघडलेली असेल तर तो भलतीकडे जातो आणि पेशंटला वाटतं आपण अगदी सरळ बसलोय. एका काकांचा ठिपका कॅलेंडरवरच्या लक्ष्मीच्या पावलांवर जाऊन थांबला. डोळे उघडून त्यांनी नमस्कार केला आणि मला विचारलं, "हे चांगलं लक्षण ना?"

शोभाताई तावडे माझ्याकडे आल्या त्या मुलाच्या हाताला धरून. म्हणजे मुलाने त्यांना धरलं होतं, त्यांनी कोणाला धरलं नव्हतं. वय साठीच्या आसपास, गळ्यात पट्टा, डोळ्यांवर नवा कोरा चष्मा, आणि चेहरा पोलिसांनी पकडून आणल्यासारखा.

"काय त्रास होतो?" मी त्यांना विचारलं.

"तिला चक्कर येते," मुलगा म्हणाला. त्याचं नाव निलेश.

"कधीपासून?"

"चार-पाच महिने झाले. मान तर आधीपासून दुखतेच तिची."

"पडल्याबिडल्या का कुठे?"

"पडली ना, चाळीच्या जिन्यावर. हातात डबे घेऊन. किती वेळा सांगितलं, ऐकतच नाही."

मी शोभाताईंकडे बघून म्हटलं, "तुम्हाला बोलता येतं ना हो?"

"येता ना," त्या म्हणाल्या. "पण नंबर लागत नाय."

माझं त्यांच्याशी तिथेच जमलं.

बाई मालवणकडच्या, नवरा गिरणीतला. गिरणी बंद पडली आणि नंतर नवराही गेला. बोरिवलीच्या चाळीत पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत शोभाताईंनी पोळी-भाजी केंद्र सुरू केलं, त्यावर निलेशला शिकवलं. तो चांगल्या नोकरीला लागला, दहिसरला नव्या टॉवरमध्ये सोळाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. निलेश वाईट मुलगा नव्हता. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. त्याने आईला सगळ्यात भारी चष्मा घेऊन दिला, मानेचा पट्टा ऑनलाइन मागवला, मागे रेलायची खुर्ची आणली. आई जिन्यावर घसरली, तिला खरचटलंसुद्धा नाही, फक्त मटकीची उसळ तळमजल्यापर्यंत गेली. त्याच संध्याकाळी तो तिला दहिसरला घेऊन गेला. स्वयंपाकघरात कॅमेरा लावला, एकटीने खाली उतरायचं नाही म्हणून बजावलं आणि चाळीतली खोली भाड्याने द्यायला एजंट गाठला.

मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही फक्त तिला समजवा. आता बस झालं म्हणावं. आराम कर. तुमचं ती ऐकेल."

"तुम्ही बाहेर बसा," मी म्हटलं, "मला मशीन लावायचंय." मशीन म्हटलं की नातेवाईक मुकाट्याने बाहेर जातात. कसलंही मशीन मी लावणार नव्हते.

दार बंद झालं आणि शोभाताई घाईघाईने बोलायला लागल्या. "मॅडम, मला बरं नाही केलंत तरी चालेल, पण त्याला सांगू नका मला अजून चक्कर येते. तो माझी खोली देतोय. एकदा भाडेकरू शिरला की मी परत कधी जाणार? सोळाव्या माळ्यावर मी करू काय? खिडकीतून बघितलं तर माणसं मुंगीएवढी. हाक मारली तर ऐकणार कोण?"

मी सांगितलं, खोटं मी बोलणार नाही, पण खरं काय आहे ते आधी बघू.

माझी एक पद्धत होती. पेशंट जे काम करतो ते त्याला माझ्यासमोर करून दाखवायला लावायचं. शिंपी असेल तर शिवायला बसायचा, रिक्षावाला असेल तर खुर्चीत बसून रिक्षा चालवायचा. बाहेर बसलेल्यांना हा पोरखेळ वाटायचा. शोभाताईंना म्हटलं, पोळ्या लाटा. त्या माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि रिकाम्या हाताने लाटायला लागल्या. मी बघत राहिले. बाई हनुवटी वर करून, पोपटासारखी मान तिरकी करून पोळी लाटत होत्या.

"अशाच लाटायच्या का आधी?"

"छे! पण ह्या चष्म्यातून पोळपाट कुठे दिसतो? मान वर केली तर दिसतो."

निलेशने दिलेला चष्मा बिनरेषेचा होता. वरच्या भागातून लांबचं, अगदी खालच्या भागातून वाचायचं, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीतून हाताच्या अंतरावरचं. अनेकांना तो छान मानवतो. पण ज्या बाईला सकाळभर पोळपाट आणि तवा बघायचाय, ती त्या चिंचोळ्या पट्टीतून जग बघायला मान वर करत राहणार. आधीच दुखरी मान, तिला दिवसभराची ही सजा. डोळे जोर लावतायत, मान आवळतेय. जिना उतरताना तर चष्म्याचा खालचा भाग मध्ये यायचा आणि पायऱ्या धूसर व्हायच्या. अशा वेळी मान वाकवून वरच्या भागातून बघायचं असतं. ती वाकू नये म्हणून गळ्यात पट्टा होता. थोडक्यात, मुलाच्या प्रेमाने आईला जिन्यावर पाडलं होतं.

निलेशला आत बोलावून मी हे सांगितलं. तो दुखावला. "मॅडम, तो सगळ्यात महागातला चष्मा आहे."

"म्हणून तर तुम्हाला त्याच्यावर शंका आली नाही," मी म्हटलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडून कामाचा आणि चालण्याचा असे दोन साधे चष्मे करून घेतले. पट्टा हळूहळू सोडवला. पण तेवढ्याने संपणारं नव्हतं. मान खरोखरच बिघडलेली होती. कपाळाला पट्टी बांधली तर शोभाताईंचा लाल ठिपका गोल सोडून दाराच्या चौकटीवर जायचा. जवळच्या अंगठ्यावरून लांबच्या घड्याळाकडे नजर नेताना त्यांना वेळ लागायचा आणि तेवढ्यात त्या हलायच्या. हेही मी निलेशला सांगितलं. तो म्हणाला, "बघा, मी म्हणत नव्हतो?" आपलं खरं ठरल्याचा आनंद माणसाला आईच्या दुखण्यातही होतो.

उपाय अगदी साधा होता, आणि तेच त्याचं दुर्दैव. भिंतीवर एक टिकली लावायची. तिच्यावर नजर खिळवून मान हळूहळू डावीकडे-उजवीकडे फिरवायची, टिकली अजिबात हलता कामा नये. मग अंगठा आणि टिकली, जवळ आणि लांब. मग हेच उभं राहून. मग घडी घातलेल्या गोधडीवर उभं राहून. सोबत मानेच्या आतल्या स्नायूंचे व्यायाम. निलेशने माझ्याकडे संशयाने बघितलं. "टिकलीकडे बघून कोण बरं होतं, मॅडम? तुमच्याकडे लाइटवालं मशीन नाही का?"

होतं ना. ते मशीन मी लोकांच्या समाधानासाठी ठेवलं होतं. दिवे लुकलुकले की पेशंटला उपचार झाल्यासारखं वाटतं. टिकलीला दिवे नाहीत. टिकलीपायी मी किती पेशंट गमावले! चांगले सुधारत असलेले लोक मध्येच सोडून लाइटवाल्याकडे गेले आणि मग घरात खुर्चीला चिकटून बसले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. आणि राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आपल्याकडे म्हातारं माणूस जरा हललं की घरचे त्याला प्रेमाने बसवतात. बसलेल्या माणसाचा तोल आणखी जातो, मग त्याला आणखी बसवतात. शेवटी ते कायमचं बसतं आणि सगळे म्हणतात, आम्ही काही कमी केलं नाही.

शोभाताई बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. आठवड्यातून तीनदा निलेशने बसवून दिलेल्या रिक्षाने दहिसरहून यायच्या, घरी टिकलीचा व्यायाम करायच्या. एक दिवस त्यांनी मला अडवून विचारलं, "मॅडम, फुगडी घातली तर चालेल काय?"

तेव्हा कळलं की बाई एका मंगळागौरीच्या ग्रुपच्या म्होरक्या आहेत. श्रावणात ज्यांच्या घरी नव्या सुनेची मंगळागौर असते ते अशा ग्रुपला बोलावतात. नऊवारी नेसून बायका झिम्मा, फुगड्या, पिंगा असे खेळ करतात. नव्या सुना फोटो काढतात आणि पन्नाशी उलटलेल्या बायका नाचतात. शोभाताईंची फुगडी ग्रुपमध्ये नावाजलेली होती. पण त्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून सरावात त्या डगमगायला लागल्या होत्या, म्हणून बायकांनी त्यांना कडेला उभं राहून गाणी म्हणायला सांगितलं होतं.

"जोडीदारीण कोण तुमची?"

"मंदा. चाळीत बाजूच्या खोलीत राहते."

"घेऊन या तिला."

मंदाताई आल्या त्या भांडतच आल्या. "मॅडम, हिला सांगा जरा. फुगडीत ही डोळे मिटते आणि माझ्या अंगावर येते. मी फुगडी घालू का पोतं धरू?"

"अगो, चक्कर आली की डोळे मिटायचे असं तूच सांगितलंस ना?" शोभाताई म्हणाल्या.

"ते पलंगावर पडल्यावर गं! फुगडीत कोण मिटतं?"

मंदाताई फिजिओथेरपी शिकलेल्या नव्हत्या, पण मुद्दा बरोबर होता. फुगडीत दोघी हाताची अढी घालून, पावलं जुळवून, मागे रेलून गरगर फिरतात. सगळं जग फिरत असतं, एकच गोष्ट जागेवर असते, ती म्हणजे समोरचीचा चेहरा. त्याच्यावर नजर ठेवली की मेंदूला धरायला काहीतरी मिळतं. डोळे मिटले की ते जातं, आणि मग सगळी भिस्त मानेच्या खबऱ्यांवर, जे आधीच खोटं बोलतायत. त्याहून वाईट म्हणजे फिरताना मान बाजूला वळवणं. ती वळवली की धडधाकट माणसालासुद्धा भोवळ येते.

आम्ही टेबल भिंतीला लावलं आणि क्लिनिकमध्ये फुगडी सुरू केली. आधी नुसतं हात धरून संथ फिरणं. मान मागे टाकायची नाही, हनुवटी आत, नजर मंदाच्या कपाळावरच्या टिकलीवर. शोभाताईंना जमायला लागलं. पण एक अडचण कायम यायची. त्यांचा फोन वाजायचा. निलेश दर थोड्या वेळाने फोन करायचा, आई, पोचलीस का, आई, पाणी प्यालीस का. फोन वाजला की शोभाताईंची मान फिरता फिरता पिशवीकडे वळायची आणि त्या मंदाताईंच्या अंगावर कोसळायच्या.

"फोन बंद ठेवा," मी म्हटलं.

"बंद ठेवला तर तो ऑफिस सोडून धावत येतो."

"मग वाजू दे. तुम्ही वळायचं नाही."

"मॅडम, पोराची हाक आली तर मान आपोआप वळते हो. मी कुठे वळवते?"

याच्यावर माझ्याकडे व्यायाम नव्हता. मी निलेशला फोन करून सांगितलं की तुमच्या फोनमुळे आईचा तोल जातो. त्याने फार मनावर घेतलं. तेव्हापासून तो फोनऐवजी मेसेज पाठवायला लागला, आणि मेसेज बघितला नाही की फोन करायला लागला.

श्रावण आला. बोरिवली पश्चिमेच्या एका हॉलमध्ये कोणाच्या तरी सुनेची मंगळागौर होती. शोभाताईंनी निलेशला सांगितलं, मी फुगडी घालणार. घरात मोठा तमाशा झाला. शेवटी निलेश म्हणाला, "ठीक आहे, घाल. पण तोल गेला तर दुसऱ्याच दिवशी मी एजंटला हो सांगणार. मग मला बोलायचं नाही."

"सांग," त्या म्हणाल्या.

हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं आणि मला घाम फुटला. ठिपका गोलाजवळ यायला लागला होता, पण रोज येत नव्हता. मी म्हटलं, पुढच्या वर्षी घाला ना. त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी माझ्या खोलीत दुसऱ्याची चूल असेल."

मी हॉलमध्ये गेले. निलेश पहिल्या रांगेत बसला होता. मांडीवर बॅग, बॅगेत पाण्याची बाटली, ग्लुकोज आणि तो मानेचा पट्टा. मी त्याच्या मागच्या खुर्चीत बसले. झिम्मा झाला, पिंगा झाला, सूपं नाचवून झाली. नवी सून मोबाइलमध्ये स्वतःलाच बघत होती. मग शोभाताई आणि मंदाताई मध्ये आल्या, पदर खोचले, पावलं जुळवली.

सुरुवात बेताची होती. गाणाऱ्या बायकांनी लय वाढवली तशा दोघी फिरायला लागल्या. शोभाताईंची मान सरळ होती, हनुवटी आत, नजर मंदाताईंच्या कपाळावर. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. वेग आणखी वाढला, नऊवारीचे काठ नुसती हिरवी रेघ दिसायला लागले. लोक टाळ्या वाजवायला लागले.

आणि निलेश उभा राहिला.

"आई, बस!" तो ओरडला. "आई! आई, थांब, पडशील!"

गाणं तुटलं. सगळा हॉल त्याच्याकडे वळला. बायका वळल्या, नवी सून वळली, मीही वळले. फक्त शोभाताई वळल्या नाहीत. हे पोरगं ताप आला म्हणून, भूक लागली म्हणून, पेपर कठीण गेला म्हणून हाक मारत आलं आणि दर वेळी ही बाई हातातलं टाकून वळत आली. आता तो गळा काढून हाका मारत होता आणि ती मंदाच्या टिकलीकडे बघत फिरत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. संपादकांना काय लिहायचं ते लिहोत.

दोघींनी वेग आपल्या मर्जीने कमी केला आणि त्या थांबल्या. थांबल्यावर शोभाताई हलल्या. हे मी लपवणार नाही, माझा धंदाच बघण्याचा आहे. त्या डावीकडे झुकल्या, मंदाताईंचा खांदा धरला, टिकलीवरची नजर काढली नाही, आणि जमीन जागेवर येईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मग खांदा सोडून कोणाचाही हात न धरता पहिल्या रांगेपर्यंत चालत आल्या.

"कित्याक बोंबलत होतस रे?" त्यांनी विचारलं.

निलेशचा चेहरा पांढरा पडला होता. "आई, तोल गेला तुझा. मी बघितला. गेला ना?"

"गेलो तोल," शोभाताई म्हणाल्या. "आणि परत इलो. आता त्या एजंटाक फोन लाव, माझ्यासमोर, आणि खोली देऊची नाय म्हणान सांग."